छाटलेल्या गाड्या, छाटलेली नावं

आमच्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी ते मीम येतंच. पाच चौकटी. लोंबत्या पांढऱ्या मिशांचा धिप्पाड बाप आणि त्याचा तितकाच धिप्पाड मुलगा ऑफिसात एकमेकांच्या अंगावर ओरडताहेत, एका चौकटीत खुर्ची उडतेय. संवाद आपण आपले भरायचे. टॅब की स्पेस, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करावा की नाही, मिसळीवर दही घ्यावं की नाही, काहीही. २०१८ मध्ये हे मीम जगभर पसरलं तेव्हा मी कॉलेजात होतो आणि ते कुठून आलंय याचा मला पत्ता नव्हता.

ते आलंय ‘अमेरिकन चॉपर’ नावाच्या रिअॅलिटी शोमधून. न्यूयॉर्क राज्यातले बापलेक पॉल ट्यूटल थोरला आणि धाकटा, त्यांचा मोटरसायकली बनवायचा कारखाना, आणि मुलगा कामावर उशिरा येतो यावरून झालेलं भांडण. बस, एवढंच. पण माझं ज्ञान त्याहून थोर होतं. मला बरेच दिवस वाटायचं की चॉपर म्हणजे हेलिकॉप्टर, आणि हे दोघं हेलिकॉप्टर बनवतात.

चॉपर म्हणजे ती लांबलचक मोटरसायकल, जिचं पुढचं चाक गाडीच्या बरंच आधी पोचतं. हँडल उंच, सीट खाली, पाय पुढे पसरलेले, पाठीमागे उंच दांडी. तुम्ही ती पोस्टरवर, टी-शर्टवर, एखाद्या कॅफेच्या भिंतीवर नक्की पाहिली आहे. आणि त्या पोस्टरवरची गाडी बहुतेक वेळा एकच असते: टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेली, ‘ईझी रायडर’ (१९६९) या सिनेमात पीटर फॉन्डानं चालवलेली ‘कॅप्टन अमेरिका’.

हा सिनेमा मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा हॉस्टेलवर, एका लॅपटॉपसमोर आठ जण दाटीवाटीनं बसून. तेव्हा फक्त गाड्या पाहिल्या. दुसऱ्यांदा काही वर्षांनी, त्या गाड्या कुणी बनवल्या हे वाचल्यावर. आणि तिसऱ्यांदा गेल्या महिन्यात, ऑफिसात घडलेल्या एका गोष्टीमुळे. हा लेख त्या तिसऱ्या खेपेचा आहे, पण तिथवर जायला पहिल्या दोन खेपांमधून जावं लागेल.

छाटणी

चॉप म्हणजे छाटणं. गाडीचं नाव तिच्या असण्यावरून न पडता तिच्यातून काय काढून टाकलं यावरून पडलं, ही गोष्ट मला फार आवडते.

अमेरिकेत मोटरसायकली छाटायचा छंद दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनचा. पण युद्धात हार्ले-डेव्हिडसननं सैन्यासाठी ‘डब्ल्यूएलए’ नावाची गाडी मोठ्या संख्येनं बनवली. मित्रराष्ट्रांसाठीच्या गाड्या धरून सुमारे ९०,०००. युद्ध संपलं आणि यातल्या कितीतरी गाड्या स्वस्तात बाजारात आल्या. त्याच वेळी घरी परतलेले विशी-पंचविशीतले सैनिकही होते. यांत्रिक कामं हाताला सवयीची झालेली, रात्री झोप नाही, नऊ ते पाचच्या नोकरीत मन नाही. त्यांनी या गाड्या घेतल्या आणि कापायला सुरुवात केली. पुढचा मडगार्ड काढला. मागचा अर्धा कापला. जे जे वेगाच्या आड येतं ते सगळं उतरवलं. या छाटलेल्या गाडीला आधी ‘बॉबर’ म्हणत. यातला तर्क साधा अभियांत्रिकीचा आहे: वजन कमी, म्हणून वेग जास्त.

साठच्या दशकात मात्र हा तर्क उलटा फिरला. छाटणी चालूच राहिली, पण आता गाडीत भरही पडायला लागली, आणि ती भर वेगासाठी नव्हती. पुढचा फोर्क लांब झाला. हँडल आकाशात गेलं. फ्रेमची मान कापून, कोन बदलून पुन्हा वेल्ड व्हायला लागली. (आपल्याकडे हा उद्योग करायला जाऊ नका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.)

या कोनाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढे त्याची गरज आहे. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, तो दांडा उभा नसतो, मागे झुकलेला असतो. या झुकावाला ‘रेक’ म्हणतात. आपल्या रोजच्या गाडीत तो साधारण २४ ते २८ अंश असतो. आता तो दांडा कल्पनेनं सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवा. तो जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे चाक जमिनीला टेकतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ‘ट्रेल’. मॉलमधल्या ट्रॉलीचं छोटं चाक बघा, ते नेहमी आपल्या खिळ्याच्या मागे फरफटत येतं आणि म्हणून आपोआप सरळ होतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही त्याच कारणानं सरळ राहायला बघतं. रेक वाढवला की सहसा ट्रेल वाढतो, आणि ट्रेल वाढला की गाडी सरळ रस्त्यावर दगडासारखी स्थिर होते. पण वळणावर तिला अक्षरशः ओढावं लागतं, आणि कमी वेगात पुढचं चाक एका बाजूला कोसळायला बघतं.

चॉपरमध्ये हा कोन चाळीसच्या पुढेही नेतात. ‘कॅप्टन अमेरिका’ला तर पुढे ब्रेकच नाही. मागे सस्पेन्शन नाही. म्हणजे खड्डा आला की तो थेट पाठीच्या कण्यात. थोडक्यात, ही गाडी नीट वळत नाही, नीट थांबत नाही आणि बसणाऱ्याला सुख देत नाही. ती एकच गोष्ट उत्तम करते: लांब, सरळ, रिकाम्या रस्त्यावरून पुढे जाते. आणि तसं जाताना दिसते.

स्वातंत्र्याचं चिन्ह म्हणून जगानं जी गाडी निवडली, तिला मागे फिरणं जमत नाही. हॉस्टेलवर यावर आम्ही हसलो होतो. आता तेवढं हसू येत नाही.

आधी फोटो, मग बाइकर

बाइकर संस्कृतीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण एका गावापासून सुरुवात करतात: कॅलिफोर्नियातलं हॉलिस्टर, जुलै १९४७. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या मान्यतेनं शर्यती होत्या. सुमारे ४,००० मोटरसायकलस्वार आले, गावाची वस्तीही जवळपास तेवढीच. दारू, आरडाओरडा, रस्त्यावर शर्यती, पन्नासएक जणांना अटक. सोमवारपर्यंत सगळं शांत. पण २१ जुलैच्या ‘लाइफ’ मासिकात पानभर फोटो छापून आला: हार्लेवर रेललेला एक जाडगेला माणूस, दोन्ही हातांत बाटल्या, गाडीखाली बाटल्यांचा खच. त्या बाटल्या गोळा करून तिथे मांडल्या होत्या असं नंतर एका प्रत्यक्षदर्शीनं सांगितलं.

पुढचा प्रवास मजेशीर आहे. या घटनेवरून फ्रँक रूनीनं कथा लिहिली, ती १९५१ मध्ये ‘हार्पर्स’मध्ये आली. कथेवरून सिनेमा झाला, ‘द वाइल्ड वन’ (१९५३), चामड्याच्या जाकिटातला मार्लन ब्रँडो. गंमत म्हणजे अमेरिकन बंडखोरीचा हा पहिला देव ब्रिटिश ट्रायम्फवर बसला होता. आणि त्याच ब्रिटनमध्ये या सिनेमाला जवळपास चौदा वर्षं प्रमाणपत्र मिळालं नाही. मग सिनेमा बघून खरे बाइकर तसे वागायला लागले. हंटर थॉम्पसननं हेल्स एंजल्सवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पुढाऱ्याची गोष्ट आहे. त्यानं म्हणे थेट हॉलिवूड गाठून ‘द वाइल्ड वन’मध्ये ली मार्व्हिननं घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मिळवला.

असोसिएशननं तेव्हा ‘९९ टक्के मोटरसायकलवाले सभ्य असतात’ असं म्हटलं, म्हणून उरलेल्यांनी ‘१%’चा बिल्ला छातीवर लावला, असं सांगतात. असोसिएशनच्या दप्तरात असं विधान सापडत नाही. बिल्ला मात्र खरा आहे, आजही आहे.

म्हणजे या संस्कृतीत चित्र आधी आणि माणूस नंतर, असा क्रम पहिल्यापासूनच आहे. मी हे कमीपणा म्हणून सांगत नाही. आपणही कोणता ना कोणता सिनेमा बघून चालायला शिकलेले असतो. पण जिथे चित्रच एवढं महत्त्वाचं, तिथे चित्रात कुणाला घेतलं आणि कुणाला काढलं, हा प्रश्न चित्राइतकाच महत्त्वाचा होतो.

टाकीवर झेंडा, टाकीत पैसे

आता सिनेमा. ‘ईझी रायडर’ची गोष्ट दोन ओळींची आहे. वायट (फॉन्डा) आणि बिली (दिग्दर्शक डेनिस हॉपर स्वतः) कोकेनचा एक मोठा सौदा करतात आणि मिळालेले पैसे घेऊन लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लिन्सच्या मार्डी ग्रा उत्सवाला मोटरसायकलवरून निघतात. वाटेत शेतकरी भेटतो, हिप्पींची वसाहत भेटते, जेलमध्ये जॉर्ज नावाचा दारुडा वकील भेटतो (जॅक निकल्सन, आणि इथून त्याचं नशीब फळफळलं). शेवटी दोघं मारले जातात. चारेक लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमानं कोट्यवधी कमावले आणि हॉलिवूडच्या म्हाताऱ्या निर्मात्यांना तरुण दिग्दर्शकांसाठी दार उघडावं लागलं.

खरं सांगायचं तर आज हा सिनेमा सलग चांगला वाटत नाही. हिप्पींच्या वसाहतीचा भाग लांबतो. बायका या सिनेमात एकतर वसाहतीत आहेत नाहीतर कोठ्यावर, आणि दोन्हीकडे त्या नायकांच्या प्रवासातला एक मुक्काम एवढ्याच आहेत. स्मशानातला एलएसडीचा प्रसंग तेव्हा धाडसी असेल, आज तो कुणाच्या तरी प्रयोगशील शॉर्ट फिल्मसारखा दिसतो.

पण दोन गोष्टी अजून शंभर टक्के टिकून आहेत.

पहिली, रस्ता. लास्लो कोवाच हा छायाचित्रकार १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेला निर्वासित. लेन्सवर पडणारा ऊन्हाचा गोळा जुने लोक चूक समजून टाळायचे, यानं तो तसाच ठेवला. मोन्युमेंट व्हॅलीची लाल माती, संध्याकाळ, आणि त्यात दोन लांब गाड्यांच्या आकृत्या. अमेरिका एवढी सुंदर बहुधा बाहेरून आलेल्यालाच दिसते.

दुसरी, ती टाकी. पैसे एका प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून वायट ते पेट्रोलच्या टाकीत लपवतो. बाहेर झेंडा, आत कोकेनचे पैसे. या सिनेमाला अमेरिकेबद्दल जे म्हणायचं आहे, ते सगळं पहिल्या काही मिनिटांत या एका डब्यावर लिहून झालंय. पुढे वाटेत एक जण सहज टाकीचं झाकण उघडून पेट्रोल भरायला लागतो तेव्हा बिलीचा जीव वरखाली होतो. मुक्त माणूस सतत आपल्या टाकीकडे लक्ष ठेवून आहे. वायट निघताना मनगटावरचं घड्याळ काढून फेकतो खरा, पण काळजी फेकायची राहून जाते.

आणि मग शेतकऱ्याचा प्रसंग. वायटच्या गाडीचं चाक बसलंय. दोघं एका शेतावर थांबतात. एकाच चौकटीत पुढे शेतकरी आणि त्याचा गडी घोड्याला नाल ठोकताहेत आणि मागे हे दोघं चाक दुरुस्त करताहेत. एक घोडा जुना, एक नवा. हॉपर जरा जास्तच ठळकपणे सांगतो, पण सांगतो ते खरं आहे: वाहन कुठलंही असो, कुणीतरी खाली वाकून, हात काळे करून ते चालतं ठेवतं. नंतर जेवताना वायट त्या शेतकऱ्याला मनापासून सांगतो की स्वतःच्या कष्टानं, स्वतःच्या वेळेनं जगणं ही अभिमानाची गोष्ट आहे.

या प्रसंगात सिनेमा आपल्या सगळ्यात जवळच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. हाताच्या कामाला तो सलाम करतो. पण त्याच चौकटीत उभी असलेली, पडद्यावरची सगळ्यात सुंदर हातची वस्तू, ती मोटरसायकल, कुणी बनवली? हा विषय सिनेमाभर कुठेच निघत नाही. श्रेयनामावलीतही नाही.

बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉन्स

गाड्या पोलिसांच्या जुन्या हार्ले होत्या, लिलावातून घेतलेल्या. त्यांचे चॉपर बनवण्याचं काम झालं लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय वस्तीत. कामाची आखणी आणि देखरेख क्लिफ व्हॉन्सची, बांधणीतला मुख्य हात बेन हार्डीचा. दोघंही कृष्णवर्णीय. हार्डी हा त्या भागातला नावाजलेला मेकॅनिक. बाहेरच्या जगाला नाव माहीत नाही, पण आसपासच्या प्रत्येक हार्लेवाल्याला गॅरेज माहीत, असा. प्रत्येक पात्रासाठी दोन अशा एकूण चार गाड्या तयार झाल्या. त्यातल्या तीन चोरीला गेल्या, एक शेवटच्या प्रसंगात फुटली.

श्रेयाचे दावे अर्थात एकापेक्षा जास्त आहेत. गाड्या कशा दिसाव्यात यात आपलाही वाटा होता असं फॉन्डा सांगत असे, आणि त्या गॅरेजात इतरही हात होते. पण फॉन्डाचं नाव पडद्यावर निर्माता, सहलेखक, नायक म्हणून तीनदा येतं. हार्डी आणि व्हॉन्स यांची नावं एकदाही येत नाहीत. पुढची कित्येक वर्षं मोटरसायकलच्या जगातही ती फारशी कुणी घेतली नाहीत. २०१४ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ म्हणून एका गाडीला लिलावात साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली, ती अस्सल की नक्कल यावर वाद झाला, आणि त्या निमित्तानं ही दोन नावं मोठ्या बातम्यांमध्ये आली. हार्डी तोवर वारला होता, १९९४ मध्ये. व्हॉन्स २०१६ मध्ये गेला.

व्हॉन्सची गोष्ट इथे संपली असती तर हा श्रेयचोरीचा आणखी एक किस्सा झाला असता. पण व्हॉन्स नुसता गाड्यांचा शौकीन नव्हता. तो नागरी हक्कांच्या चळवळीतल्या विद्यार्थी संघटनेचा, ‘एसएनसीसी’चा कार्यकर्ता आणि छायाचित्रकार होता. १९६४ मधला डॅनी लायनचा एक प्रसिद्ध फोटो आहे: मेरीलँडमधल्या केंब्रिज गावात नॅशनल गार्डचे सैनिक एका तरुणाला पकडून ओढताहेत. तो तरुण म्हणजे व्हॉन्स. त्याच काळात तो आपली चॉपर घेऊन दक्षिणेत, अलाबामात फिरला. म्हातारपणी दिलेल्या मुलाखतीत त्यानं याचं कारण सांगितलं. तिथल्या कृष्णवर्णीयांना मोटरसायकलवर बसलेला एक मुक्त कृष्णवर्णीय माणूस दिसावा, अशी त्याची इच्छा होती. गोरे जमीनमालक कधी बंदूक घेऊन मागे लागतील याचा भरवसा नव्हता, तरी तो फिरला.

आता सिनेमाचा शेवट आठवा. दक्षिणेतला रस्ता. ट्रकमधले दोन गोरे. केसांवरून, कपड्यांवरून, गाडीवरून चीड. बंदूक.

१९६९ च्या प्रेक्षकाला हा शेवट धक्कादायक वाटला, कारण गोऱ्या पोरांना असं मारतात हे त्याला नवीन होतं. व्हॉन्ससाठी ती रोजची शक्यता होती. सिनेमानं त्याची गाडी घेतली, त्याचा रस्ता घेतला, त्याची भीतीही घेतली, आणि हे सगळं दोन गोऱ्या नायकांवर चढवलं. ते दक्षिणेत शिरतात तेव्हा रस्त्याकडेच्या मोडक्या झोपड्यांसमोर काही कृष्णवर्णीय माणसं दिसतात. गाडी थांबत नाही, कॅमेराही थांबत नाही. कुणाला नाव नाही, संवाद नाही.

दुसऱ्यांदा सिनेमा पाहताना मला या दृश्याचा राग आला होता. वाटलं, बघा, चोर आपल्याच चोरीच्या अंगावरून गाडी घालून निघून गेला.

बाकी इतिहास झरझर सांगता येईल. कृष्णवर्णीय बाइकर काही हार्डीपुरते नव्हते. ओकलंडचा ‘ईस्ट बे ड्रॅगन्स’ हा कृष्णवर्णीयांचा हार्ले क्लब १९५९ पासूनचा. पण त्याच ओकलंडचे गोरे हेल्स एंजल्स जगभर पोस्टर झाले. डिसेंबर १९६९ मध्ये, ‘ईझी रायडर’ प्रदर्शित झाल्यावर पाचच महिन्यांनी, ऑल्टमाँटच्या मैफलीत ५०० डॉलरच्या बिअरच्या बदल्यात रखवालीला बसवलेल्या एंजल्सपैकी एकानं मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला भोसकलं. तो जागीच गेला. आणि हार्ले-डेव्हिडसन? संस्थापकांच्या घरातल्या विली जी. डेव्हिडसननं चॉपरवाल्यांची कलाकुसर पाहून १९७१ मध्ये ‘सुपर ग्लाइड’ काढली. मग १९८० मध्ये लांब फोर्कची ‘वाइड ग्लाइड’. आता छाटायला गॅरेजात जायची गरज नव्हती. छाटलेली गाडी शोरूममध्ये, वॉरंटीसकट मिळायला लागली.

तिसरी खेप

आता माझी गोष्ट. छोटी आहे.

आमच्या प्रॉडक्टमध्ये पेमेंटचे हिशोब जुळवणारा एक भाग आहे. बँकेनं सांगितलेली रक्कम आणि आपल्याकडे नोंदलेली रक्कम यांत फरक पडला तर तो शोधून काढणारा. किचकट काम. हे मूळ काम केलं एका मुलीनं, जी आमच्याकडे थेट नोकरीला नव्हती, दुसऱ्या एजन्सीमार्फत कंत्राटावर होती. सात महिने तिनं ते लिहिलं. रात्री साडेअकराला तिचे मेसेज यायचे, ‘सर, एक केस सापडली’. मी तिच्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण कंत्राटी लोकांना सगळ्यांनाच सर म्हणायची सवय लागलेली असते. कंत्राट संपलं, ती गेली.

त्यानंतर आम्ही सगळा कोड जुन्या जागेवरून नव्या जागेवर हलवला. ते काम माझ्याकडे होतं. जुना इतिहास सोबत न्यायचा तर दोन दिवस जास्त लागणार होते, म्हणून मी तो नेला नाही. सगळा कोड एकाच गठ्ठ्यात, एकाच नोंदीत, माझ्या नावानं चढवला. मॅनेजरची हरकत नव्हती. तुमच्यापैकी जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी: आमच्याकडे एक कमांड असते, कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी. तिचं नाव ‘ब्लेम’ आहे, कारण ती बहुतेक वेळा चूक कुणाची हे शोधायला वापरतात. आता त्या भागावर ती चालवली तर शेकडो ओळींसमोर माझं नाव येतं.

गेल्या महिन्यात तिमाही मीटिंगमध्ये वरच्या साहेबांनी त्या भागाचं कौतुक केलं. स्क्रीनवर माझं नाव होतं. टाळ्या झाल्या. आणि मी म्हणालो, ‘थँक यू, टीम एफर्ट होता.’

हे वाक्य आपण किती नम्रपणे म्हणतो! त्यात कुणाचंच नाव नसतं, म्हणून ते सगळ्यात उंच उभ्या असलेल्याच्या खात्यात जमा होतं. मला पाच सेकंद मिळाले होते, एक नाव घ्यायला तेवढे पुरे होते. मी खोटं बोललो नाही. मी फक्त थांबलो नाही.

त्या रात्री मी ‘ईझी रायडर’ पुन्हा लावला. आणि रस्त्याकडेच्या त्या झोपड्यांचं दृश्य आलं तेव्हा मागच्या वेळचा राग येईना. फॉन्डा आणि हॉपर त्या क्षणी मला चोर दिसले नाहीत. घाईत असलेले लोक दिसले. मार्डी ग्राची तारीख गाठायची आहे, पैसे संपत आलेत, मंडळी बदलताहेत, कुणाला काढलं, कुणाला घेतलं. अशा वेळी नाव मुद्दाम पुसावं लागत नाही. पुढे जाताना ते नुसतं सोबत घेतलं नाही की झालं. छाटणीचं असंच असतं. जे वेगाच्या आड येतं ते उतरवायचं. आधी मडगार्ड, मग ब्रेक, मग नावं.

यामुळे त्यांची चूक लहान होत नाही, हे मला कळतं. उलट, ती माझ्या टेबलापर्यंत येऊन पोचते.

शेवटच्या प्रसंगाबद्दल एक गोष्ट मला तिसऱ्या खेपेलाच दिसली. बिलीला गोळी लागते. वायट पुढे गेलेला आहे. आणि ही गाडी, जिचा पुढचा कोन वळण्यासाठी बनलेलाच नाही, जिला पुढे ब्रेक नाही, ती तो मागे वळवतो. मित्रापाशी येतो, पाठीवर झेंडा शिवलेलं आपलं जाकीट काढून त्याच्या अंगावर घालतो आणि मदत आणायला निघतो. या सगळ्या प्रवासात मला तो याच एका क्षणी मुक्त वाटला. त्यात तो मरतो. पण वळतो.

मग पडदा वर सरकत जातो आणि नावं येतात. मी थांबवत थांबवत सगळी वाचली. हार्डी नाही. व्हॉन्स नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या जागेवरचा इतिहास शोधला. सुदैवानं कुणी पुसला नव्हता. दोन दिवसांचं काम निघालं चार दिवसांचं, शनिवार-रविवार धरून. आता त्या ओळींसमोर तिचं नाव येतं. वरच्या साहेबांना मेल केली, तिला सीसीमध्ये ठेवून. साहेबांचं उत्तर आलं नाही. तिचं आलं, दोन दिवसांनी. तिनं लिहिलं होतं, ‘थँक्स सर. त्यात एक बग आहे, तेव्हा राहून गेला होता, सांगू का?’